सोलणार कोण

वाघजळीच्या गायरानात, ओढ्याच्या अलीकडे, सहा हौद होते. प्रत्येक हौद चार फूट लांब, चार रुंद आणि चार खोल. दोन चुन्याचे, एक धुण्याचा, तीन सालीच्या पाण्याचे. हौदांवर बारा खांबांची पत्र्याची शेड. शेडमध्ये बाभळीची साल सात पोती, तरवडाची दोन, हिरडा एक पोतं, चुना एका पिंपात आणि जाडं मीठ तीन गोण्या. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या सोलायच्या सुऱ्या सहा. पात्यांवर कारखान्यातलं तेल तसंच होतं. मागे एक विहीर होती. तिचं पाणी मचूळ, पिण्याला कोणी नेत नसे, म्हणून त्र्याहत्तरच्या जानेवारीतही तिच्यात सात फूट पाणी होतं. संस्थेच्या पाहणीच्या कागदावर गावातले 'चामड्याच्या धंद्यातले लोक' एकतीस होते.

कातडं एकही नव्हतं.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. नगरच्या एका संस्थेने खेड्यांत कातडी कमावण्याची छोटी केंद्रं काढायची ठरवली होती, त्यांतल्या पहिल्या केंद्राचा मी व्यवस्थापक. कल्पना सरळ होती. दुष्काळात जनावरं मरत होती, कातडी वाया जात होती, साल रानात होती, माणसं गावात होती. मार्चअखेर तीस कातडी हौदांत पडली तर केंद्र पुढे चालणार होतं, नाहीतर शेड आणि जागा ग्रामपंचायतीकडे परत.

या अटीत माझं फारसं काही अडकलेलं नव्हतं. मला दुसरीकडे पाठवलं असतं. अडकला होता तो गहिनीनाथ.

गहिनीनाथ ढोर समाजातला, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कातडी कमावणारा. विहिरींवर इंजिनं आली, चामडी मोटा गेल्या, तसं त्याचं काम संपलं. मग तो आणि त्याची बायको बनुबाई थोरल्या मुलाकडे, गोरक्षकडे, नगरजवळच्या नागापूरला गेले. गोरक्ष तिथल्या एका वर्कशॉपात लेथवर होता. गहिनीनाथ त्याच वर्कशॉपात लोखंडाचा कीस झाडायचा. खोली एकच, म्हातारा-म्हातारी जिन्याखाली झोपायची, आणि वरचे भाडेकरू पाळीवरून परतताना त्यांच्या अंगावरून जायचे. तिथे जाऊन मीच त्यांना सांगितलं होतं की वाघजळीत हौद बांधलेत, कारागीर म्हणून पगार मिळेल. गहिनीनाथने दुसऱ्या दिवशीची हजेरीसुद्धा लावली नाही. गावात आल्यावर बनुबाईने घराचं कुलूप दगडाने फोडलं, कारण किल्ली जिन्याखाली कुठेतरी हरवली होती, आणि म्हणाली की आता मसणात जाईन पण नागापूरला जाणार नाही.

सालीचं पाणी त्याने आठवड्यात तयार केलं. पहिल्या हौदात फिकं, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात काळंभोर. मग आम्ही कातड्यांची वाट बघत बसलो.

एकतीस या आकड्याची फोड मी तेव्हा केली. पाहणी करणाऱ्याने चावडीत बसून कोतवालाला विचारून नावं लिहिली होती. त्यांत ढोर दोन, म्हणजे हेच दोघं. चांभार आठ. बाकी एकवीस पूर्वीच्या महारवाड्यातले, आता त्याला भीमनगर म्हणत. कागदावर हा एक धंदा होता. गावात तो तीन जागी तुटलेला होता. मेलेलं जनावर ओढून न्यायचं आणि सोलायचं ते एकाने, कमवायचं दुसऱ्याने, जोडे शिवायचे तिसऱ्याने. यातल्या पहिल्याने सोळा-सतरा वर्षांपूर्वी धर्म बदलला तेव्हाच ते काम टाकलं होतं. तेव्हापासून शेतकरी मेलेलं जनावर साखळीने ओढून ओढ्यात टाकत आणि पुढचं गिधाडं बघत.

एकदा मी ते बघत बसलो. एक बैल गिधाडांना तीन तासही पुरला नाही. कातडं उरतं, पण पाठीवरच, आणि त्याला चोचींची भोकं असतात.

मी आधी भीमनगरात आसारामकडे गेलो. आसाराम सातवी शिकलेला, सरकारी खडीकामावर मुकादम. त्याने मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. सोलण्याचे वेगळे पैसे, हातमोजे, गमबूट, सगळं मी सांगितलं. तो नाही म्हणाला. त्याच्या म्हाताऱ्याने मेलेली जनावरं ओढायचा दोर चुलीत घातला होता, तेव्हा आसाराम शेजारी उभा होता. एवढंच त्याने सांगितलं, आणि आमच्या संस्थेचे हौद चांगले बांधलेत म्हणाला.

पलीकडे चार ख्रिस्ती घरं होती. तिथल्या सत्यवान मास्तरांनी चहा दिला आणि विषय बदलून शाळेच्या गळक्या कौलांवर नेला. त्यांच्या आजोबांचाही एक दोर असणार. चांभार नगरहून तयार चामडं आणत. ते म्हणाले, तुमचं चामडं स्वस्त पडलं तर घेऊ, पण सोलणं आमच्यात नाही.

शेवटी मी गहिनीनाथलाच विचारलं. तो सालीच्या पाण्यात हात घालून ढवळत होता. तो रागावला नाही, पण हात बाहेर काढून पुसले.

"साहेब, आमी कातडं इकत घेतो. सोलत न्हाई. धाकटी जामखेडला दिलीय. तिच्या सासऱ्याला कळलं म्या जनावर सोललं, तर तो तिला हितं आनून सोडंल. मग तिला कुटं ठिवू, ह्या हौदात?"

"मग तीस कातडी कशी होणार, बाबा?"

"तेच तर म्या तुमाला इचारणार हुतो."

बनुबाई पलीकडे साल कुटत होती. तिने मुसळ न थांबवता मला विचारलं की कॉलेजात काय काय फाडायला लावतात. मी सांगितलं, इंटरला बेडूक, झुरळ, आणि शेवटी उंदीर.

"मग झालं की. बैल म्हंजी थोरला उंदीरच," ती म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला. गहिनीनाथ हसला नाही. तो माझ्या हातांकडे बघत होता.

चांगुणाबाईंचा बैल मेला तो त्याच आठवड्यात. चांगुणाबाई मळ्यातल्या, नवरा वारलेला, जमीन दिराबरोबर सामाईक. केंद्राबद्दल त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी निरोप पाठवला की बैल न्या, पण एक अट आहे. मी गेलो तेव्हा त्या दावणीपाशी उभ्या होत्या. त्यांचा दुसरा बैल रिकाम्या जागेकडे तोंड करून बसला होता.

"ह्येचं कातडं कुनाच्या पायात जायला नगं," त्या म्हणाल्या. "जुवाच्या वाद्या करा. ह्या दुसऱ्याच्या गळ्यात घालीन. न्हाई तर गिधाडं बरी."

मी कबूल झालो. त्यांच्या दिराने बैल ओढ्यापर्यंत ओढून दिला आणि साखळी सोडून घेऊन तो मागे न बघता गेला.

माझ्याकडे संस्थेची एक पुस्तिका होती. तिच्यात जनावराची आकृती आणि ठिपक्याठिपक्यांची रेघ होती: हनुवटीपासून छाती, पोटावरून शेपटापर्यंत, मग चारी पायांच्या आतल्या बाजूने. ठिपके बैलावर नव्हते. सकाळी सुरू केलं ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत चाललं. उंदराचं कातडं सुटतं तसं बैलाचं सुटत नाही. कातडं एका हाताने ताणून धरावं लागतं, आणि मुठीनेच मांसापासून अलग करावं लागतं, सुरी शक्य तितकी कमी लावायची. हे मला अर्धं काम झाल्यावर कळलं. गिधाडं पलीकडच्या दरडीवर रांगेने बसून होती. त्यांना घाई नव्हती.

गहिनीनाथ ओढ्यात उतरला नाही. तो शेडमध्ये मीठ पसरून थांबला होता. मी कातडं हातगाड्यावर घालून नेलं, तेव्हा मात्र तो पुढे आला आणि माझ्या हातून ते त्याने ओढूनच घेतलं. उलटं पसरलं, तळवा फिरवला. जिथे माझी सुरी आत गेली होती तिथे त्याचा अंगठा थांबायचा. सात ठिकाणी थांबला.

"पहिल्यांदा लई हुत्यात," तो म्हणाला. मग त्याने मीठ चोळायला घेतलं. मी इतके दिवस त्याला ओळखत होतो, पण त्याला गुणगुणताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी चार वेळा साबणाने आंघोळ केली. वास गेला नाही, किंवा गेला असेल आणि मलाच येत असेल. हे तपासायची काही सोय नव्हती. मी श्रीमंत पाटलांच्या वाड्यालगतच्या खोलीत भाड्याने राहत होतो. पाटलांनी काही म्हटलं नाही. फक्त माझ्या दाराबाहेरचा रांजण दुसऱ्या दिवशी त्यांच्या पडवीत गेला, आणि त्यांची सून मला वरून ओंजळीत पाणी घालायला लागली. हॉटेलात मला कान तुटलेला कप मिळायला लागला. तो कायम तोच असायचा, आणि पिऊन झाल्यावर मी तो विसळून खिडकीत ठेवावा अशी अपेक्षा होती. मी ठेवत होतो. वाद घालण्याइतकी ताकद संध्याकाळी उरत नसे.

मी दुसरं जनावर सोललं, तिसरं सोललं. भोकं कमी झाली. चुन्याच्या हौदात कातडी पडली, गहिनीनाथ ती रोज वर काढून उलटवून पुन्हा आत सोडायचा. त्याच्या हातांच्या कातडीला चुन्याने चिरा पडल्या होत्या आणि तो त्यांत करडीचं तेल भरायचा. बनुबाई घराच्या मागच्या भिंतीला पोतेरं घालायला लागली. नवऱ्याला न विचारता तिने गोरक्षला निरोप धाडला की आमची गोधडी आणि परात एसटीवर घालून दे.

यानंतर जे झालं ते मला समजायला वेळ लागला. आधी लोक विनंती करायचे: साहेब, आमची गाय गेली, बघता का. मग निरोप यायला लागले, तेही कोणातरी तिसऱ्याच्या हाती: साहेबाला सांगा, म्हैस पडलीय. मग एका सकाळी मी गेलो नाही तर दुपारी मालक खोलीवर आला. जनावर सकाळपासून दारात कुजतंय, कुठे होता, असं त्याने मला विचारलं. मी तापाने पडलो होतो. तो दाराबाहेरच उभा होता, आवाज चढलेला नव्हता. चुकलेल्या गड्याला विचारावं तसा तो विचारत होता.

चौथ्या जनावराच्या वेळी, काम झाल्यावर, मालकिणीने कुंपणाच्या दगडावर फडक्यात काहीतरी ठेवलं आणि मागे सरकून उभी राहिली. फडक्यात दोन भाकरी होत्या, वर मिरचीचा ठेचा. मला वाटलं, तिला माझी दया आली. मी शेडमध्ये येऊन बनुबाईला सांगितलं. तिचं मुसळ थांबलं.

"ती भाकर व्हय, साहेब," ती म्हणाली. "जनावर ओढनाऱ्याची. ती द्यायाचीच आस्ती."

मी विचारलं, खाल्ली तर काय होतं.

"काय न्हाई हुत. उद्यापास्नं तुमीच."

मी ती खाल्ली होती.

पाचव्या कातड्यानंतर, मी तापातून उठलो त्या दिवशी, आसाराम आला. खडीवरून घरी जाताना तो शेडपाशी थांबला. पत्र्याखाली आला नाही. मी बाहेर आलो. त्याच्या भुवयांवर दगडाची पांढरी धूळ होती. गहिनीनाथ आत कातड्यावरचे केस खरवडत होता आणि सगळं ऐकत होता.

आसारामने आदल्या संध्याकाळचं सांगितलं. कोणीतरी मेलेली म्हैस ओढत आणून निळ्या झेंड्याच्या कट्ट्यापुढे टाकली होती. ओढणारे म्हणाले, साहेब आजारी आहे, मग कोणी उचलायची? रात्रभर म्हैस तिथेच होती. सकाळी खडीवर तो हजेरी घेत असताना श्रीमंत पाटलांनी हसत हसत त्याला विचारलं होतं की शिकलेला साहेब सोलतो, मग तुम्हांला काय जड झालं.

"मी तिथे टाकायला कोणाला सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

"तुमी न्हाई सांगितलं. तुमी करून दावलं." त्याने भुवयांवरची धूळ पुसली. "सतरा वर्सं कुनाची टाप न्हवती आमच्या दारात जनावर टाकायची. इसरले हुते ते. तुमी याद करून दिली."

मी म्हणालो की काम वाईट नाही. मी स्वतः केलं, मला काही झालं नाही.

"साहेब, तुमी आंगूळ केली की पुन्ना तुमीच हुता," आसाराम म्हणाला. "आमी न्हाई हुत."

मी त्याला गहिनीनाथबद्दल सांगितलं. तीस कातडी झाली नाहीत तर तो पुन्हा जिन्याखाली जाईल, हे सांगितलं. आसारामला ते माहीत होतं. दोघं एकाच वयाचे, लहानपणी एकाच ओढ्यात मासे धरलेले. त्याने शेडमध्ये एकदा बघितलं. गहिनीनाथने मान वर केली नाही.

"म्हैस आमी पुरली," आसाराम जाताना म्हणाला. "कट्ट्यापुढंच. आठ जनांनी खड्डा खनला. कातड्यासकट पुरली."

त्या रात्री काय ठरवायचं ते मी ठरवलं, आणि सकाळी गहिनीनाथला सांगितलं की यापुढे मी सोलणार नाही. तो हातातल्या कातड्याचा कोपरा वाकवून बघत होता, चुना आतपर्यंत गेला की नाही ते.

"आसारामचं बराबर हाय," तो म्हणाला. "पन ही पाच तरी मला पुरी करू द्या."

फेब्रुवारी गेला. निरोप येत राहिले. मी जात नव्हतो म्हणून ते हळूहळू शिव्यांसकट यायला लागले, मग बंद झाले. जनावरं पुन्हा ओढ्यात पडायला लागली आणि गिधाडं दरडीवरून खाली आली. नगरहून तपासनीस आले तो दिवस गुढीपाडव्याच्या अलीकडचा. त्यांनी हौद पाहिले, कातडी मोजली, मला विचारलं की गावात एकतीस कारागीर असताना पाचच कशी. मी तीन जागी तुटलेल्या धंद्याबद्दल सांगायला लागलो. ते भले गृहस्थ होते, पण त्यांना त्याच दिवशी पारनेरला पोचायचं होतं. ग्रामपंचायतीने शेड दुष्काळी मदतीच्या सुकडीची पोती ठेवायला मागून घेतली.

चार कातड्यांना पुरा वेळ मिळाला नाही. ती अर्धवट अवस्थेत संस्थेने नगरला नेली. चांगुणाबाईंच्या बैलाचं मात्र शेवटच्या टप्प्यात होतं. गहिनीनाथने ते घायपाताच्या दोऱ्याने पिशवीसारखं शिवलं होतं, माझ्या सुरीची सातही भोकं ठिगळं लावून बुजवली होती, आणि शेडबाहेरच्या बाभळीखाली तीन बांबूंच्या तिकाटण्यावर टांगून त्यात काळं पाणी भरलं होतं. पाणी कातड्यातून झिरपून खालच्या घमेल्यात पडायचं. घमेलं भरलं की ते पुन्हा वरून ओतायचं.

नागापूरला परत जायच्या दिवशी त्याने मला हे ओतणं दाखवलं. किती दिवस, ते त्याने सांगितलं नाही. कडा कापून बघायची, म्हणाला. मधोमध पांढरी रेघ दिसते तोवर सालीचं पाणी आत मुरलेलं नाही, ओतत राहायचं. मग उतरवायचं, सावलीत वाळवायचं, तेल द्यायचं.

"वाद्या कोण कापणार?" मी विचारलं.

"चांभार कापत्याल. ते त्येंच्यात हाय."

बनुबाईने दाराला नवं कुलूप लावलं. परात आणि गोधडी महिनाभरापूर्वीच एसटीने आली होती; तीच तिने पुन्हा बांधली होती. मी तिला म्हणालो की मावशी, किल्ली या वेळी हरवू नका. ती म्हणाली, हरवली तरी चालंल, दगूड हाय की. मग ती गाडीत चढली. गहिनीनाथ मागून चढला, हातात काही नव्हतं. त्याच्या हातांच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कीस झाडायला उभं राहायचं होतं.

पांढरी रेघ जायला बरेच दिवस लागले. मी ओतत राहिलो. शेडमध्ये सुकडीची पोती आली, तेव्हा मी बाहेर बाभळीखाली बसायचो. मग कातडं उतरवलं, वाळवलं, तेल दिलं. चांभारांनी वाद्या कापल्या. चांगुणाबाईंनी त्या हातात घेऊन वास घेतला आणि दावणीकडे गेल्या.

उरलेल्या काठाची एक पट्टी मी नगरला माझ्या जुन्या कॉलेजात नेली. प्रयोगशाळेत सर होते, त्यांनी स्टोव्ह वापरू दिला. कातडं नीट कमावलंय की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. पट्टी पाण्यात लटकवायची, पाणी हळूहळू तापवायचं, आणि पट्टी ज्या क्षणी एकदम आखडते तेव्हाचं तापमान बघायचं. जितकं कातडं चांगलं मुरलेलं, तितकं ते उशिरा आखडतं. तुलनेसाठी मी मिठातल्या कच्च्या कातड्याचा एक तुकडाही आणला होता. प्रत्येकाच्या तीन पट्ट्या घेतल्या आणि सरासरी काढली.

कच्चं कातडं ६३ अंशांना आखडलं. गहिनीनाथने कमावलेलं ८२ अंशांना.